मान खाली घालताना

टांगा कुंडलिकेच्या पुलाकडं वळला आणि डावं चाक धाडकन खड्ड्यात गेलं. पुढं टांगेवाल्याशेजारी बसलेल्या बद्रीनारायणनं मागं न बघताच विचारलं, "लागलं का?" भगवतीदेवीनं घुंघटातून नवऱ्याला "न्हाई" म्हटलं. लागलं नव्हतंच. पण त्या हिसक्यानं तिची हनुवटी छातीवर आपटली होती आणि मानेच्या मुळाशी काहीतरी जागं होऊन पाठीच्या कण्यातून, कमरेतून, दोन्ही मांड्यांतून थेट टाचांपर्यंत सळसळत गेलं होतं. गेलं आणि विझलं. मागं उरल्या घोड्याच्या टापा आणि शेजारच्या बैलगाडीतल्या सरकीचा वास. तिनं दोन्ही हातांनी बसायची फळी घट्ट धरली. दुखण्याची भीती तिला राहिली नव्हती. मान दिवाळीपासून दुखत होती आणि आता फाल्गुन लागला होता. भीती वाटली ती निराळ्याच गोष्टीची. हे देवळात येत होतं. बालाजीपुढं वाकलं की येत होतं. ते इथं, रस्त्यातल्या खड्ड्यात कसं आलं?

पहिल्यांदा आलं ते पौषात. त्याच्या थोडंच आधी लेकीचं लग्न होऊन ती सेलूला सासरी गेली होती. पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडल्या. सासू इचरजबाई, जिच्या डोळ्यांत घरात कुणी कधी पाणी पाहिलं नव्हतं, तीसुद्धा पदरात तोंड घालून हुंदके देत होती. भगवतीदेवी मात्र कोरडी उभी होती. रडू येईल म्हणून ती वाट पाहत राहिली आणि गाडी निघूनही गेली. मग घर एकदम मोठं झालं. दुपारी माडीवर झोपाळ्याची कडी करकरली तरी ती दचकायची. अशाच एका सकाळी ती गल्लीतल्या देवळात गेली, गार उंबऱ्यावर कपाळ टेकायला वाकली, आणि ते आलं. घरात विजेचे दिवे आले तेव्हा एकदा ओल्या हातानं तिनं बटण दाबलं होतं. त्या करंटसारखंच, पण त्यानं हात झिडकारला होता आणि यानं तिला आतून वरपासून खालपर्यंत एकदा हात फिरवून पाहिलं होतं. ती तशीच वाकून राहिली. किती वर्षांत तिच्या अंगाला असं कुणी हात लावला नव्हता. आपण रडलो नाही ते देवाला कळलं, आणि त्यानं त्याचं वाईट वाटून घेतलं नाही, असं तिला वाटलं. उठताना पायांत मुंग्या होत्या. उजवी चप्पल पायात सरकेना, ती चाचपत राहिली, आणि तेही तिला देवाघरून आल्याची खूण वाटली.

तेव्हापासून ती जास्त वाकायला लागली. सकाळी देवघरात, मग तुळशीपुढं, मग देवळात. सासूच्या पाया पडतानाही ते यायचं. त्याचं तिला आधी नवल वाटलं, मग इचरजबाईबद्दल मनात वर्षानुवर्षं साचलेला राग थोडा खाली बसला. ज्या पायांपाशी देव असा हात फिरवतो ते पाय वाईट कसे असतील? तिनं हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर इचरजबाईनं सगळी गल्ली गोळा केली असती आणि बद्रीनारायण नुसता गप्प बसला असता. तो चांगला माणूस होता. आडतीवर दिवसभर मोठ्यानं बोलायचा आणि घरात आईपुढं आवाज आत घ्यायचा. तिची मान दुखते हे त्यालाच आधी कळलं. ती कुशीवर वळायच्या आधी थांबते हे त्यानं पाहिलं होतं. तेल झालं, विटेचा शेक झाला, ओव्याची पुरचुंडी झाली. मग इचरजबाईनं फर्मान सोडलं, "केदारखेड्याच्या पुंजारामला बोलवा. माझी मान त्यानं एका झटक्यात सोडविली व्हती. कट् वाजली आन् बिलकुल मोकळी झाली." ते खरंच होतं. भगवतीदेवी तेव्हा नवी सून होती; दाराआडून तिनं ते पाहिलं होतं. पुंजाराम शेतकरी होता, हाडं बसवणं हे त्याच्या घरात चालत आलेलं कसब होतं. त्यानं सासूच्या हनुवटीखाली एक हात घातला, डोक्यामागं दुसरा, बोलता बोलता फिरवलं, आणि सुपारी फुटावी तसा आवाज आला. सासू हसली होती. तिला हसताना तिनं पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. आज संध्याकाळी पुंजाराम येणार होता. बद्रीनारायणनं बाजारात कुणाकडून तरी ऐकलं होतं की नव्या जालन्यातल्या धर्मादाय दवाखान्यात मुंबईहून शिकून आलेली एक बाई लाईटचा शेक देते. "आधी शेक घेऊन बघू, मंग पुंजाराम हायेच," असं तो आईला चाचरत म्हणाला होता, आणि इचरजबाईनं माळ ओढता ओढता "घेऊ द्या" म्हटलं होतं.

दवाखान्यातली ती खोली पांढरी होती. भिंतीला लाकडी कठडा, एक खाट, एक उंच दिवा लोखंडी मान वाकवून उभा. शेक देणारी नंदाबाई तिच्या लेकीहून फार तर सहा-सात वर्षांनी मोठी असेल. भोकरदनकडच्या शेतकऱ्याची मुलगी, मुंबईला शिकून आली होती, पण बोलणं इथलंच राहिलं होतं. तिनं बद्रीनारायणला बाहेरच्या बाकावर बसवलं, दार लावलं, आणि म्हणाली, "भाभी, घुंघट काढला तर चालंल का? मला मान बघायची हाय." भगवतीदेवीनं पदर मागं घेतला. हवा गार लागली. तिला वाटलं आता दिवा पेटेल. पण नंदाबाईनं स्टूल ओढलं, समोर बसली आणि विचारायला लागली.

कधीपासून दुखतं. पडला होतात का कधी, गाडीतून, जिन्यावरून. दुखणं आराम केला की कमी होतं का, की आडवं झाल्यावरही राहतं. संध्याकाळी अंग कसकसतं का. चोळी सैल झालीये का. मान वळवली की घेरी येते का, एकाचे दोन दिसतात का, घास अडकतो का, जीभ जड होते का, ओठांभोवती बधिर वाटतं का. हातातून भांडं सुटतं का. सुईत दोरा ओवता येतो का पहिल्यासारखा. चालताना पाय कुठं पडतोय ते बघावं लागतं का. लघवीला गेलं की अडतं का. भगवतीदेवी आधी एकेका शब्दात उत्तरं देत होती. मग तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटायला लागला, कारण तो लांबत चालला होता. हो, संध्याकाळी अंग कसकसतं, तिला वाटायचं चुलीपाशी बसून असेल. हो, चोळ्या सैल झाल्या, दोनदा टाके घातले. परवा पितळी तांब्या हातातून गेला, सासू म्हणाली लक्ष कुठं असतं. दोरा ओवायला ती आता शेजारच्या मुलीला हाक मारते. तिला हे सगळं माहीत होतं, पण कपाटातल्या निरनिराळ्या खणांत ठेवलेल्या कपड्यांसारखं. ही बाई एकेक खण उघडून सगळं खाटेवर मांडत होती, आणि ते एकाच अंगाचे कपडे आहेत असं दिसायला लागलं होतं. लग्नाला वीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांत तिला एवढं कुणी विचारलं नव्हतं. आईनंही नाही. तिच्या परतूरच्या माहेरी दुखणं सांगणाऱ्या बायका होत्या, ऐकणाऱ्याही होत्या, पण विचारणारं कुणी नव्हतं.

"आन् भाभी," नंदाबाईनं त्याच आवाजात, तांब्याबद्दल विचारलं तसंच विचारलं, "मान खाली घातली की अंगातून काही जातं का? वीज गेल्यासारखं, पाठीतून पायापर्यंत?"

भगवतीदेवीला वाटलं, आपण उघड्यावर अंघोळीला बसलोय आणि कुणीतरी आलंय. हिला कसं कळलं? देवळात ती नेहमी एकटी असते. बोलली तर ती कुणाशीच नव्हती. बालाजी आणि ती, यांच्यामधली गोष्ट या पोरीनं खुंटीवरचा टॉवेल काढावा तशी काढून हातात घेतली होती. हे सांगितलं तर ते तांब्या आणि चोळीच्या रांगेत जाऊन बसेल. मग ते दुखणंच होईल. आणि सकाळचा खड्डा तिला आठवला, आणि तो आठवू नये असंही वाटलं.

"न्हाई," ती म्हणाली.

"बरं," नंदाबाई म्हणाली आणि उठली. तिनं मानेला हात लावलाच नाही. आधी काखेत थर्मामीटर ठेवलं. डोळ्यांपुढं बोट फिरवलं. गुंडीच्या डोक्याची टाचणी हातांवरून, बोटांवरून टेकवत नेली, "सारखं लागतं का दोन्हीकडं?" मुठी भराभर उघडा-मिटा म्हणाली. भगवतीदेवीनं उघडल्या-मिटल्या. बोटं थंडीत आखडल्यासारखी मागं रेंगाळत होती आणि ती त्यांच्याकडं दुसऱ्या कुणाच्या मुलांकडं बघावं तशी बघत राहिली. मग नंदाबाईनं तिला आडवं केलं आणि थोड्या वेळानं उठायला सांगितलं. ती उठून बसली. नंदाबाई म्हणाली, "तुम्ही आत्ता काय केलं ते कळलं का?" तिला कळलं नव्हतं. "दोन्ही हातांनी डोकं धरून उठलात. भरलेली घागर उचलावी तसं. रोज असंच उठता का?" भगवतीदेवीनं हात खाली घेतले. ते खरंच अजून कानांपाशी होते. रोज. माघापासून तरी रोज. तिच्या हातांना काहीतरी कळलं होतं आणि त्यांनी तिला न सांगता सांभाळायला सुरुवात केली होती.

पुन्हा आडवं करून नंदाबाईनं गुडघ्याखाली रबरी हातोडीनं हलकेच ठोकलं. पाय असा उडाला की भगवतीदेवी लाजली. मग पायापाशी येऊन तिनं किल्लीचं टोक तळव्याच्या कडेनं टाचेपासून वर, बोटांकडं ओढलं. गुदगुल्या व्हायला पाहिजे होत्या, पाय आखडून बोटं खाली वळायला पाहिजे होती. तसं झालं नाही. अंगठा हळूहळू, अगदी सावकाश, वर उठला आणि बाकीची बोटं पंख्यासारखी पसरली. डोक्याखाली उंच उशी होती म्हणून तिला ते दिसलं. तो तिचा अंगठा होता, जोडव्याशेजारचा, आणि तिनं त्याला काहीही सांगितलं नव्हतं. नंदाबाईनं पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा उठला. दुसऱ्या पायाचाही उठला. भगवतीदेवीच्या अंगावर काटा आला. देवळात जसा यायचा तसाच, किंवा त्याहूनही जास्त. तिच्या आत कुणीतरी राहत होतं, जे तिच्यापेक्षा खरं बोलत होतं. तिनं न्हाई म्हटलं होतं आणि पायाच्या अंगठ्यानं हो म्हटलं होतं.

नंदाबाईनं किल्ली टेबलावर ठेवली. तिचा चेहरा बदलला नाही, पण ती सावकाश बोलायला लागली. "भाभी, मी तुम्हाला मान वाकवून दाखवा म्हणणार न्हाई. ती मला आता वाकवायचीच न्हाई. म्हणून तुम्ही सांगाल तेवढंच मला कळंल. मघाशी विचारलं ते पुन्हा विचारते."

"येतं," भगवतीदेवी म्हणाली. "देवासमोर येतं. आज टांग्यातबी आल्तं." आणि मग तिनं सगळं सांगितलं, उंबरा, पौषातली सकाळ, सासूचे पाय. सांगताना तिला वाटत होतं की शब्द बाहेर पडतायत तसतसं ते हातातून निसटतंय. नंदाबाई मध्येच बोलली नाही, हसली नाही.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आम्हाला विचारायला शिकवलंय. मान दुखती म्हणून जो येतो त्याला हात लावायच्या आधी हे सगळं विचारायचं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. बहुतेक न्हाईच म्हणतात, आन् खरंच नसतंय. मंग शेक देते, व्यायाम देते. पर विचारल्याबिगर कळायचं कसं कुणाचं काय हाय?"

मग तिनं स्वतःची करंगळी वर धरली. मेंदूतून एक दोरी निघते, म्हणाली, मानेत एवढीच जाड असते, आणि मणक्यांच्या आतून खाली जाते. हातांना काय करायचं, पायांना काय करायचं, छातीनं श्वास घ्यायचा, सगळे हुकूम त्यातून खाली जातात, आणि टोचलं, भाजलं, गार लागलं, ते सगळं त्यातूनच वर येतं. तुमच्या त्या दोरीवर काहीतरी दाबतंय. मान वाकली की जास्त दाबतं. कदाचित मणका आतून मऊ पडला असंल; संध्याकाळचा ताप त्याचाच असू शकतो. डॉक्टर बघतील, औरंगाबादला हाडाचा फोटो काढावा लागंल. औषध निघालंय त्याच्यावर, बरं होतं. पर तोवर मानेला कुणी हात लावायचा न्हाई. तेलाचाबी न्हाई.

"आज संध्याकाळी पुंजाराम येणार हाय. झटका द्यायला."

नंदाबाईनं टॉवेलची घडी घालता घालता हात थांबवला. "दिला तर हातपाय जातील, भाभी. श्वासबी जाऊ शकतो. तुम्हाला घाबरवायला म्हणून सांगत न्हाई, खरंच तसं हाय म्हणून सांगते." आणि तिनं जाड टॉवेल मानेभोवती गुंडाळला, हनुवटी त्यावर टेकवली आणि पिना लावल्या. तेवढाच तिचा हात त्या मानेला लागला, तोही पक्षी उडून जाऊ नये म्हणून जपावं तसा हलका.

परतीच्या टांग्यात बद्रीनारायण मागं तिच्याशेजारी बसला आणि टांगेवाल्याला प्रत्येक दगडापाशी "हळू, हळू" म्हणत राहिला. नंदाबाईनं त्यालाही सगळं सांगितलं होतं. भगवतीदेवी करंगळीकडं बघत होती. टॉवेलामुळं मान खाली जात नव्हती म्हणून तिनं हातच डोळ्यांसमोर धरला होता. एवढी. परतूरच्या स्टेशनावर ती बापाच्या बोटाला धरून मालगाडीतले कापसाचे गठ्ठे मोजायची, ते चालणं यातून गेलं होतं. लेक पोटातून बाहेर आली तेव्हाची ती कळ यातून वर आली होती. लेकीच्या टाळूचा वास नाही, तो वरच्या वर असेल, पण तिचं वजन, तिला छातीशी धरलेले हात, ते यातून. वीस वर्षं लाटलेल्या फुलक्यांचा एकेक फेरा यातून. आणि या सगळ्यातलं काहीही तिला जाणवलं नव्हतं. नदीकाठी धोबी कपडे आपटत होते. तो आवाज, ते हात वर जाणं, खाली येणं, प्रत्येकाच्या मानेत एकेक करंगळीएवढी दोरी, आणि कुणालाच पत्ता नाही. पुलावरून जाणारी सगळी माणसं किती बेफिकीर डोकी मिरवत चालली होती. तिला त्यांना थांबवून सांगावंसं वाटलं. मग काय सांगायचं ते सुचेना. तिच्या डोळ्यांना ऊन जास्त लख्ख दिसत होतं, आणि घुंघट ओढायचा राहून गेला होता ते पूल संपल्यावर तिच्या लक्षात आलं.

पुंजाराम येऊन बसला होता. अंगणात घोंगडी, शेजारी कोमट तेलाची वाटी. तो आता म्हातारा झाला होता, पण पंजे तसेच रुंद होते. इचरजबाई चौरंगावर बसली होती. टॉवेल पाहून ती सुनेला म्हणाली, "हे काय गुंडाळून आणलं? काढ आन् बस, बीनणी. पुंजारामला अंधाराच्या आत गावी जायचंय."

बद्रीनारायण पुढं झाला. "माँ, तिथल्या बाई म्हणाल्या, हात लावायचा न्हाई. आतून हाड…"

"हात न लावता कसली दवा? काल शिकलेली पोर ती. माझी मान ह्यानंच बरी केली ना? मंग?"

बद्रीनारायणनं आईकडं पाहिलं, मग पुंजारामकडं, मग खाली. भगवतीदेवीला त्याचं वाक्य तिथंच संपलेलं दिसलं. एरवी ती या जागी खाली बसली असती. तिचे गुडघे तसे वाकायलाही लागले; त्यांना सवय होती. इतक्या वर्षांत सासऱ्यांच्या, सासूच्या, परक्या माणसाच्या समोर तिचा आवाज या अंगणात कधी निघाला नव्हता. पण आता तिला ती दोरी जाणवत होती, म्हणजे जाणवत नव्हती, आहे एवढंच माहीत होतं, आणि तिच्या आत राहणारं ते जे कुणी होतं, जे अंगठा उचलून खरं बोललं होतं, त्याला सांभाळायला दुसरं कुणीच नव्हतं.

"मी मान देणार न्हाई," ती म्हणाली.

ते वाक्य दोन्ही अर्थांनी तिथं पडलं आणि इचरजबाईनं त्यातला दुसराच उचलला. तिची माळ थांबली. "काय म्हणली?" भगवतीदेवी उभीच राहिली. "सासूजी, तुम्हाला न्हाई म्हणत. मला मान वाकवली की अंगातून वीज जाती. तुमच्या पाया पडले तरी जाती. पायाचा अंगठा माझं ऐकत न्हाई. झटका दिला तर मी मरंन, न्हाई तर पडून राहीन. म्हणून देणार न्हाई."

पुंजारामनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. मग वाटी बाजूला सारली आणि गुडघ्यांवर हात टेकत उठला. "शेठाणी," तो इचरजबाईला म्हणाला, "मी मानेला हात लावतो तो माणसानं मान माझ्या हातात सोडली तरच. धरून ठेवलेली मान मी कधी फिरवली न्हाई. आन् ही वीज-बीज मला ठावं न्हाई. जे ठावं न्हाई त्यात हात कशाला घालू?" त्यानं घोंगडी झटकली. इचरजबाई सुनेच्या पायांकडं बघत होती. मग तिनं विचारलं, "कवापासून?" आणि त्या विचारण्यात रागाहून निराळं काहीतरी होतं.

औरंगाबादचा फोटो बद्रीनारायणनं खिडकीच्या उजेडात धरला तेव्हा भगवतीदेवीनं स्वतःला आतून पाहिलं. धुक्यात एकावर एक बत्तासे रचून ठेवावे तसे मणके, आणि त्यातला एक ओला होऊन विरघळत चाललेला. क्षयच होता, हाडाचा. डॉक्टरांनी कपाळापासून कमरेपर्यंत प्लास्टर चढवलं. तोंडापुरती खिडकी ठेवली. केस कापावे लागले. घुंघट कशावर घेणार? ती पुढच्या खोलीत खाटेवर पडून राहिली, उघड्या तोंडानं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, आणि उन्हाळा गेला, पाऊस गेला, लेक येऊन गेली. इंजेक्शनं होती, मूठभर गोळ्या होत्या. नंदाबाई अधूनमधून यायची, हातापायांच्या बोटांचे व्यायाम करून घ्यायची, तळव्यावरून किल्ली ओढायची. इचरजबाई शेजारी उभी राहून ते सगळं बघायची. काही दिवसांनी भगवतीदेवीच्या ध्यानात आलं की सासू रोज सकाळी चमच्यानं दूध पाजताना म्हणते, "घास उतरतो ना बराबर? हां, आता बोटं हालव. दोन्ही हातांची. पायात मुंग्या हायेत का?" तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती उत्तराची वाट बघायची, उत्तर मिळाल्यावरच दुसरा चमचा भरायची. भगवतीदेवीला वाटायचं, पाया पडून पडून सासू कधी एवढी जवळ आली नव्हती.

एकदा किल्ली ओढली आणि अंगठा खाली वळला. नंदाबाई हसली. भगवतीदेवीही हसली, आणि मग तिला एकटं एकटं वाटलं. ते आता येणार नव्हतं. "बाई," तिनं विचारलं, "ते देवाचं नव्हतंच का मंग?"

नंदाबाई खाटेच्या कडेला बसली. "ते कशामुळं व्हतं ते मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "तुम्ही तिथं वाकून काय मागत व्हता, ते मला कसं ठाऊक असंल?" आणि तिनं तळवा पुसून पायावर चादर ओढली. भगवतीदेवी छताकडं बघत राहिली. देवाला आपल्याशी बोलायचं असतं तर त्यानं मोडत चाललेल्या हाडातून का बोलावं? आणि मग, दुसऱ्या कशातून बोलणार तो, असंही वाटलं. यातलं खरं कुठलं ते ठरवायची तिला घाई नव्हती. आत श्वास येत होता, जात होता. त्याला कुणी न सांगता तो चालला होता, आणि नुसतं ते ऐकत पडून राहण्यातही दुपार निघून जायची.

दिवाळीनंतर नव्या फोटोत मणका घट्ट झालेला दिसला. तो विरघळलेला आणि त्याच्या खालचा, दोन्ही एकमेकांत मिसळून गेले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी करवतीनं प्लास्टर कापलं, ते नारळाच्या करवंटीसारखं दोन बाजूंना उघडलं, आणि आतून निघालेली भगवतीदेवी इतकी हलकी, इतकी उघडी होती की तिला थंडी वाजून आली. नंदाबाईनं तिला अंघोळ घातली, कापडी पट्टा मानेभोवती बांधला आणि खाटेवर आडवं केलं. मग काही वेळानं तो पट्टाही सैल केला. "आता उठायचं न्हाई. नुसतं डोकं उशीपासून वर घ्यायचं. चार बोटं. कुणी धरणार न्हाई. काही वेगळं वाटलं तर लगेच सांगायचं."

भगवतीदेवीनं उचललं. काहीच झालं नाही. डोकं उशीवरच होतं. तिनं पुन्हा उचललं आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी ताणलं गेलं, थरथरलं, सुटलं. आयुष्यभर जे डोकं तिनं वाकवलं, झाकलं, तेल लावून विंचरलं, ते एवढं असतं हे तिला माहीतच नव्हतं. जोंधळ्याची भरलेली पायली असावी तसं जड. ते इवल्याशा दांड्यावर ही सारी माणसं दिवसभर घेऊन हिंडतात, हसतात, भांडतात, गाडीत डुलक्या घेतात. तिनं दात आवळले. दाराशी बद्रीनारायण उभा होता, त्याच्यामागं इचरजबाई.

"घाई न्हाई," नंदाबाई म्हणाली.

तिसऱ्यांदा उशीचा स्पर्श सुटला. मागं हवा शिरली. डोक्याखाली कुणाचा हात नव्हता, उंबरा नव्हता, काहीच नव्हतं. खोली थोडी खाली सरकली आणि खिडकीची चौकट दिसली, तिच्यातून लिंबाचा शेंडा, त्यावर ऊन. मान कापत होती. डोकं जड होतं, फार जड, आणि भगवतीदेवीनं ते धरून ठेवलं.